रक्ताची नोंदवही

इ. स. १८८२ सालीं मुंबईस एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचा कर्ता मेजर गुंथॉर्प हा वऱ्हाडांतील पोलीस खात्याचा अंमलदार होता. आणि मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्यप्रांत या मुलुखांत राहणाऱ्या किंवा तेथें ये-जा करणाऱ्या 'गुन्हेगार जातीं'विषयींचीं टिपणें असा त्या पुस्तकाचा विषय होता. त्यांत वऱ्हाडच्या टाकणकारांची हकीकत आली आहे. टाकणकार ही पारध्यांचीच एक शाखा. जात्याची तळी झिजून गुळगुळीत झाली म्हणजे छिनी-हातोडी घेऊन तिला पुन्हां टाकी लावून देणें हा त्यांचा धंदा, आणि त्यासाठीं प्रत्येकाचीं ठराविक गांवें असत. मेजरसाहेबांनीं हें सर्व बारकाईनें लिहून ठेवलें, आणि त्यावरून काढलेलें अनुमान असें कीं, दारोदार हिंडण्याचा हा धंदा म्हणजे घरफोडीसाठीं घरें हेरण्याची सोय! आमच्या पणज्या ज्याला ओसरीवर बसवून जातें टाकवून घेत, त्याच्या हातांतील छिनी अशा रीतीनें सरकारी कागदांत संशयाची निशाणी होऊन बसली.

हें जुनें पुस्तक आज उघडून बसण्यास कारण आहे. अपराध्याच्या शोधासाठीं सरकारनें माणसांच्या शरीराची कायमची नोंद ठेवावी काय, ठेवल्यास कोणाची व किती काळ, हा वाद डी. एन. ए. च्या सरकारी संग्रहांमुळें अनेक देशांत चालूं आहे, आणि २०२२ च्या कायद्यानें तो आपल्याही दारापर्यंत आला आहे. या वादांत बोलणारे बहुधा प्रयोगशाळेपासून आरंभ करितात. जणूं काय ही वस्तु काल जन्मली आणि तिला पूर्वज म्हणून कोणी नाहींत. आम्हांस असें वाटतें कीं, तिची वंशावळ बरीच जुनी आहे, आणि त्या वंशावळीचा कांहीं भाग बुलढाण्याच्या मातींत सांपडतो.

त्या काळच्या बुलढाणें जिल्ह्याच्या सरहद्दी आठवून पाहाव्या. उत्तरेस मध्यप्रांताचा निमाड, पश्चिमेस मुंबई इलाख्याचा खानदेश, दक्षिणेस निजामाचा मुलूख; आणि खुद्द वऱ्हाड १८५३ पासून मालकीनें निजामाचें, कारभारानें मात्र इंग्रजांचें. मलकापुरास चोरी करून निघालेला मनुष्य दोन दिवसांत खानदेशांत जाई, चिखली-देऊळगांवाकडचा एका रात्रींत निजामाच्या हद्दींत शिरे, आणि तेथें नांव, गांव, बापाचें नांव, जात हीं सर्व तो सांगेल तींच खरीं. एका हद्दींत तीनदां शिक्षा भोगलेला इसम दुसऱ्या हद्दींत अगदीं कोरा ठरे. पोलिसांची ही अडचण खरी होती; तिची थट्टा करण्यांत अर्थ नाहीं. चोरीला गेलेलें बैल ज्या शेतकऱ्याचें असतें, त्याला तर ती मुळींच थट्टेची वाटत नसे.

या अडचणीवर सरकारनें दोन निरनिराळे उपाय काढले. एका उपायांत सरकार विचारी, "हा मनुष्य तोच काय?" दुसऱ्यांत विचारी, "हा कोणाचा कोण?" दिसावयास दोन्ही प्रश्न शेजारशेजारचे आहेत; परंतु पहिल्याचें उत्तर त्या माणसाच्या स्वतःच्या कृत्यापाशीं येऊन थांबतें, आणि दुसऱ्याचें उत्तर त्याच्या जन्मापाशीं सुरू होतें. पुढील सर्व इतिहास या दोन प्रश्नांचा आहे असें म्हटल्यास चालेल.

दुसरा प्रश्न वयानें वडील. १८३० च्या सुमारास मध्य हिंदुस्थानांत ठगांचा पाठलाग करणाऱ्या स्लीमननें माफीच्या साक्षीदारांकडून केवळ खुनांच्या जागा वदवून घेतल्या नाहींत. तो त्यांच्याकडून कुळें लिहून घेऊं लागला. कोणाचा बाप कोण, कोणाची मुलगी कोणाकडे दिली, दत्तक कोण, हें सर्व वंशवृक्षाच्या रूपानें त्याच्या १८३६ च्या ग्रंथांत छापलें आहे. भाटाच्या पोथीशिवाय इतकें व्यवस्थित कुळवृत्त त्या काळीं कोठें सांपडणें कठीण, असें तें पाहून मनांत येतें. त्याच १८३६ सालच्या ३० व्या कायद्यानें, एखादा इसम ठगांच्या टोळींतला होता एवढें शाबीत झालें तरी जन्मठेपेला पुरेसें ठरलें; अमुक खून अमक्यानें केला हें दाखविण्याचें कारण उरलें नाहीं. ठगी मोडली, प्रवासी निर्धास्त झाले, हें स्लीमनचें यश नाकारण्याचें कारण नाहीं. पण यशाबरोबर एक संवयही सरकारच्या अंगीं आली, आणि ती ठगांबरोबर गेली नाहीं.

१८७१ चा 'क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट' म्हणजे ही संवय कायद्यांत उतरली. सुताराचा मुलगा जसा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा विचार त्याच्या मुळाशीं होता. आपल्याच जातिव्यवस्थेवरून साहेबानें हा धडा घेतला असें म्हणून कित्येक मोकळे होतात. आमच्या मतें त्यानें धडा घेतला तो सोयीपुरताच. ब्राह्मणाचा मुलगा जन्मानें वेदशास्त्रसंपन्न असतो असें धरून कोणी त्यास पगार दिल्याचें ऐकिवांत नाहीं. १८७१ चा कायदा प्रथम उत्तरेकडील प्रांतांपुरता होता; १९११ मध्यें त्याची व्याप्ति मुंबई-मद्रासकडेही वाढविण्यांत आली, आणि १९२४ मध्यें तो पुन्हां एकत्र करून लिहिला गेला. सरकारनें एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली कीं तिच्या माणसांची नोंदवही तयार होई. नोंदविलेल्यांनीं हजेरी द्यावी, ठिकाण बदलल्यास कळवावें, आणि बोटांचे ठसे मागितले असतां द्यावे.

येथें बोटांच्या ठशांची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तो पहिल्या प्रश्नाचा उपाय होता आणि फार चांगला उपाय होता. १८५८ मध्यें बंगालमध्यें जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्यानें एका कंत्राटदाराच्या करारावर सहीऐवजीं पंजाचा ठसा घेतला. पुढें अनेक वर्षें ठसे जमवून ते बदलत नाहींत अशी त्याची खात्री झाली. परंतु ठसे जमविणें सोपें, हजारों ठशांतून हवा तो काढणें अवघड. बंगालचा पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री याच्या कचेरींत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघां हिंदी अंमलदारांनीं वर्गीकरणाची जी पद्धति बसविली, तिनें ही अडचण सुटली. आणि १८९७ मध्यें कलकत्त्यास ठशांची सरकारी कचेरी उघडली. पद्धतीस नांव मात्र हेन्रीचें पडलें! अंकगणित ज्यांनीं केलें त्यांच्या वांट्यास पुढें उशिरानें कांहीं पदव्या व बक्षिसें आलीं, एवढेंच.

कलकत्त्याच्या या कचेरीची पहिली मोठी परीक्षा जलपैगुडीच्या एका चहाच्या मळ्यावरील खुनांत झाली. मळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा कापलेला, तिजोरी फोडलेली. संशय कोणावर? मळ्यावरच्या मजुरांवर, स्वयंपाक्यावर, आणि जवळच मुक्काम ठोकून असलेल्या फिरत्या काबुल्यांच्या टोळीवर. फिरता मनुष्य जवळपास असला कीं संशयास लांब जावें लागत नाहीं, हें वऱ्हाडांत तसेंच बंगालांत. परंतु मयताच्या पेटींतील एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा पुसट डाग होता. तो कचेरींतील एका जुन्या कैद्याच्या ठशाशीं जुळला. हा मनुष्य त्याच व्यवस्थापकाचा पूर्वीचा नोकर निघाला. १८९८ मध्यें न्यायालयानें त्यास चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल सोडलें. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसतां केवळ अंगठ्यावरून फांसी देण्यास न्यायाधीशांचें मन होईना. त्या निकालास कोणी भित्रा म्हणेल. आम्हांस त्यांत नव्या पुराव्यापुढें जुन्या न्यायबुद्धीनें राखलेलें अंतर दिसतें. शिवाय, काबुल्यांची टोळी सुटली ती कोणाच्या दयेनें नव्हे, त्या पंचांगावरील डागानें सुटली, हेंही विसरतां येत नाहीं.

म्हणजे ठसा हा स्वभावतः निर्दोष्याचाही मित्र. तोच ठसा १९११ व १९२४ च्या कायद्यांनीं ज्यांनीं गुन्हा केला होता त्यांचा नव्हे, तर जे एका विशिष्ट घरांत जन्मले होते त्यांचा घेतला. पहिल्या प्रश्नाचें साधन दुसऱ्या प्रश्नाच्या चाकरीस लागलें. याच सुमारास, १९२० मध्यें, शिक्षा झालेल्या व अटक केलेल्या इसमांसाठीं एक वेगळा कायदा झाला. त्यांत मात्र चौकशीशिवाय सुटलेल्या किंवा निर्दोष ठरलेल्या आणि पूर्वीं तशी शिक्षा न झालेल्या माणसाचे ठसे व छायाचित्रें नष्ट करावीं असें स्पष्ट कलम होतें. परकी सरकारच्या एकाच दप्तरांत एका प्रजेस निर्दोष ठरण्याची वाट होती, आणि दुसरीस ती जन्मतःच बंद होती.

'गुन्हेगार जमातीं'चा कायदा मुंबई राज्यांत १९४९ मध्यें व देशभर १९५२ मध्यें रद्द झाला. त्या माणसांना आपण 'विमुक्त' म्हणूं लागलों. शब्द सुंदर आहे. पण कायदा रद्द झाला म्हणजे ठाण्यावरची संवय रद्द होते असें नाहीं. आणि दरोडा पडल्याची वर्दी आली कीं पहिली गाडी पारध्यांच्या बेड्यावर जाते, ही तक्रार वऱ्हाडांत आजही ऐकूं येते. मुंबई राज्यानें १९५९ मध्यें 'सराईत गुन्हेगारां'साठीं वेगळा कायदा करून नोंदवही चालूं ठेविली; जमातीचें नांव गेलें, व्यक्तीचें आलें. कागदावर ही सुधारणा मोठी होती. नोंदवहींत नांव कोणाचें चढतें हें मात्र गाडी प्रथम कोठें जाते यावरच ठरतें.

आतां डी. एन. ए. कडे वळूं. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशींत सुमारें ३०० कोटी अक्षरांचा एक लेख आहे असें समजावें. त्यांतील बहुतेक मजकूर सर्व माणसांत सारखाच. परंतु कांहीं ठिकाणीं एकच लहानसा शब्द पुन्हां पुन्हां येतो, कोणाच्या लेखांत आठ वेळां, कोणाच्या चौदा वेळां. अशीं पंधरा-वीस ठिकाणें निवडून तेथील आवृत्त्या मोजल्या कीं आंकड्यांची जी मालिका येते, ती जुळ्या भावंडांखेरीज दोघांची सारखी येणें जवळजवळ अशक्य. सरकारी संग्रहांत ठेवतात ती ही मालिका. मात्र प्रत्येक ठिकाणचा एक आंकडा बापाकडून आलेला असतो, एक आईकडून. बोटाचा ठसा माझा एकट्याचा. हा लेख माझा खरा, पण त्यांत निम्मे माझे वडील, निम्मी माझी आई, आणि माझ्या भावाचा बराचसा भाग. "हा तोच काय" आणि "हा कोणाचा कोण" हे दोन प्रश्न, जे सरकारला आजवर दोन दप्तरांत ठेवावे लागत, ते येथें एका थेंबांत एकत्र झाले.

या विद्येचा पहिला पराक्रमही निर्दोष्यास सोडविण्याचाच होता. अॅलेक जेफ्रीझ या लेस्टरच्या शास्त्रज्ञास १९८४ मध्यें ही युक्ति सांपडली. त्याच परगण्यांत १९८३ व १९८६ मध्यें दोन मुलींचे खून झाले होते, आणि एका १७ वर्षांच्या मुलानें त्यांपैकीं एकाची कबुलीही दिली होती. जेफ्रीझच्या तपासणीनें तो मुलगा गुन्हेगार नव्हे असें ठरविलें. मग आसपासच्या सुमारें ५,००० पुरुषांचीं रक्तें तपासलीं गेलीं. खऱ्या अपराध्यानें आपल्या ऐवजीं मित्रास पाठविलें होतें, ती लबाडी पुढें फुटली, आणि जानेवारी १९८८ मध्यें त्यास जन्मठेप झाली. ब्रिटननें १९९५ मध्यें राष्ट्रीय संग्रह उघडला. २००२ मध्यें वेल्समध्यें असें घडलें कीं, १९७३ सालच्या तीन मुलींच्या खुनांतील नमुना संग्रहांत कोणाशींच पूर्ण जुळेना, परंतु मोटार चोरल्याबद्दल नोंद झालेल्या एका तरुणाशीं अर्धा जुळला. तो तरुण १९७३ मध्यें बालक होता. संशय बापावर गेला. बाप १९९० मध्येंच मेला होता. थडगें उकरून खात्री करून घेण्यांत आली. मुलाच्या नोंदींतून बापाचा माग लागला! तीस वर्षें वाट पाहणाऱ्या आईबापांना यांत जें समाधान मिळालें असेल, त्यास आम्ही नांवें ठेवणार नाहीं. परंतु स्लीमनचा वंशवृक्ष ज्यानें पाहिला आहे, त्याला ही युक्ति ओळखीची वाटल्यावांचून राहणार नाहीं.

त्याच ब्रिटनमध्यें पुढें काय झालें तेंही पाहण्यासारखें आहे. अटक झालेल्या प्रत्येकाची नोंद कायम राहूं लागली, निर्दोष ठरला तरी. दोघांनीं, त्यांत एकजण अटकेच्या वेळीं ११ वर्षांचा मुलगा होता, स्ट्रासबर्गच्या युरोपीय न्यायालयांत दाद मागितली. डिसेंबर २००८ मध्यें १७ न्यायाधीशांनीं एकमतानें ब्रिटिश सरकारविरुद्ध निकाल दिला. २०१२ च्या कायद्यानंतर १७ लाखांहून अधिक नोंदी पुसाव्या लागल्या. आणि पुराव्याच्या अचूकपणाविषयीं म्हणावें, तर जर्मनीची गोष्ट पुरे. २००७ मध्यें हाइलब्रॉन शहरीं एका पोलीस स्त्रीचा खून झाला. तेथें सांपडलेली एका अज्ञात बाईची मालिका जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्समधील सुमारें ४० गुन्ह्यांच्या जागीं मिळाली. दोन वर्षें या विलक्षण बाईचा शोध चालला. २००९ मध्यें उलगडा झाला तो असा कीं, नमुने टिपावयाच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यांत तयार होत, तेथील एका कामकरणीचा तो डी. एन. ए. होता.

आपल्या देशांत ही विद्या हैदराबादच्या प्रयोगशाळेंत लालजी सिंह यांनीं रुजविली. १९९१ मध्यें राजीव गांधींच्या हत्येनंतर देहांच्या ओळखीसाठीं तिचा उपयोग झाला. कायद्याची वाट त्यापूर्वींच मोकळी झाली होती. मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या १९६१ च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, अंगठ्याचा ठसा देणें म्हणजे घटनेनें मना केलेली स्वतःविरुद्धची साक्ष नव्हे. कारण ठशांत मनुष्य स्वतःच्या ज्ञानांतलें कांहीं सांगत नाहीं. ठशाविषयीं हें पटण्यासारखें आहे. रक्ताचा थेंब मात्र माणसाला स्वतःला ठाऊक नसलेलें, आणि स्वतःविषयीं नसलेलेंही, बरेंच सांगतो.

१९२० च्या कायद्याच्या जागीं आलेला २०२२ चा कायदा त्या वर्षीं ४ ऑगस्टला अमलांत आला. त्याखालीं बोटें, तळवे, पावलें, छायाचित्र यांबरोबर डोळ्यांतील बुबुळ आणि शरीरांतील जैविक नमुने व त्यांचें पृथक्करण हेंही 'मापां'त येतें. शिक्षा झालेला, अटक झालेला, प्रतिबंधक स्थानबद्धतेंत ठेवलेला, इतकेंच नव्हे तर मॅजिस्ट्रेटनें तपासासाठीं सांगितलेला कोणीही मनुष्य त्याच्या कक्षेंत आहे. केवळ अटकेंत असलेल्यास जैविक नमुना नाकारण्याची मुभा आहे. मात्र गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसावा, आणि सात वर्षें किंवा अधिक शिक्षेचा नसावा. निर्दोष सुटल्यावर नोंद नष्ट करावी हें कलम राहिलें आहे, तरी न्यायाधीशानें कारण देऊन वेगळा हुकूम केला नाहीं तर. एरवीं नोंद ७५ वर्षें राहावयाची.

या कायद्यांत कोठेंही जातीचें नांव नाहीं. असण्याची गरजही नाहीं. संग्रह भरतो तो अटकेंतून. अटक ज्या वस्तींत वारंवार होते तिचीं माणसें त्यांत अधिक. आणि एक मनुष्य आंत गेला कीं त्याचे भाऊ, मुलगे, चुलते अर्धेमुर्धे आंत गेलेच. गुंथॉर्पसाहेबांना यासाठीं पुस्तक लिहावें लागलें. आतां बेड्यावर चारदां गाडी गेली तरी काम भागतें. ही भीति केवळ आमची नाहीं. राष्ट्रीय डी. एन. ए. पेढी उभारणारें जें विधेयक २०१९ मध्यें लोकसभेंत आलें, त्यावर विचार करणाऱ्या संसदीय समितीनें २०२१ मध्यें धर्म व जात पाहून असा संग्रह वापरला जाण्याचें भय अगदींच निराधार नाहीं असें नमूद केलें होतें.

त्या विधेयकांत मात्र एक भाग असा होता कीं, त्याविषयीं बोलतांना बुलढाणें जिल्ह्यास एक रात्र आठवते. १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर नागपुराहून पुण्यास जाणारी प्रवाशांची बस सिंदखेडराजाजवळ समृद्धि महामार्गावर उलटून पेटली, आणि २५ माणसें जळून मेलीं. देह ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. डी. एन. ए. ची तपासणी करावयाची तर कित्येक दिवस लागणार. तोंवर देह ठेवणार कसे? जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनीं नातेवाइकांशीं बोलून मार्ग काढला, आणि दुसऱ्या दिवशीं बुलढाण्यास बहुतेक सर्वांवर एकत्रच अग्निसंस्कार झाले. कोणत्या चितेवर आपलें कोण, हें न जाणतां माणसें हात जोडून उभीं राहिलीं. येथें "हा कोणाचा कोण" हाच प्रश्न होता, पण तो दप्तर विचारीत नव्हतें. आई विचारीत होती, मुलगा विचारीत होता.

२०१९ च्या विधेयकांत गुन्ह्याच्या जागा, संशयित व शिक्षा झालेले यांच्या याद्यांबरोबर बेपत्ता माणसांची व अनोळखी मृतांची अशा दोन वेगळ्या याद्या होत्या, आणि प्रयोगशाळांवर देखरेख ठेवणारें एक मंडळही होतें. सिंदखेडराजाच्या त्या रात्रीं राष्ट्रीय यादीनें काम भागलें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें हवी होती ती जवळची व जलद प्रयोगशाळा, आणि मृतांच्या आप्तांचे नमुने. पण रेल्वेच्या रुळांवर, विहिरींत, धर्मशाळांत सांपडून बेवारस म्हणून पुरल्या जाणाऱ्या देहांसाठीं त्या दोन याद्या होत्या. त्याच जुलै महिन्यांत तें विधेयक सरकारनें मागें घेतलें. मृतांची यादी व देखरेखीचें मंडळ त्याबरोबर गेलें. संशयितांचे नमुने घेण्याचा अधिकार २०२२ च्या कायद्यांत पूर्वींच आला होता, तो राहिला.

त्या कायद्यांतील ७५ वर्षांचा हिशेब एकदां मांडून पाहावा. २०२२ मध्यें एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाचा नमुना घेतला गेला असेल, तर त्याच्या मालिकेचे आंकडे, आणि त्यांतील त्याच्या आईबापांचे व पुढें होणाऱ्या मुलांचे अर्धे आंकडे, २०९७ पर्यंत दिल्लीच्या संग्रहांत राहतील. तितकींच वर्षें उलट मोजलीं म्हणजे १९४७ साल येतें. त्या वर्षीं १९२४ चा कायदा देशांत अमलांत होता, आणि त्याखालीं घेतलेले ठसे जिल्ह्याजिल्ह्यांतील पोलीस सुपरिंटेंडेंटांच्या ताब्यांतील नोंदवह्यांत होते.